गेट नाइनचा भोंगा

सॅगिनॉ, मिशिगन
१२ एप्रिल १९८७

चि. डेल यास वेंडेलचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल गॅरेजात एक पोरगा जुना पिकअप घेऊन आला. सायलेन्सर गळून लोंबत होता, तो त्यानं आईच्या कपडे वाळत घालायच्या दोरीनं बांधला होता. भिंतीवर तुमच्या रेकॉर्डचं कव्हर दिसल्यावर त्यानं विचारलं, की ‘भोंगा’ गाण्याच्या शेवटी ती आरोळी आहे ती यंत्रावर काढलीय का. मी म्हटलं, यंत्र कसलं बाबा, माझ्या धाकट्या भावाचा गळा आहे तो. पोरगा निघून गेला आणि मी गाडीखाली उताणा पडल्या पडल्या हिशेब मांडला, की ही एका श्वासाची आरोळी आपल्याला खरी केवढ्याला पडली. बाबांचा अबोला, तू फाउंड्रीतली नोकरी सोडून त्यांच्याच फाटकाचं, ‘गेट नाइन’ हे नाव बँडला दिलंस त्या दिवसापासून ते अंथरुणाला खिळेपर्यंत. तुझा पुढचा दात, डेटनच्या स्टेजवर माइकवर आपटून. ड्रमवाल्या गिलचा उजवा कान. तुला कंटाळून सोडून गेलेली नोरीन, जी अजून नाताळला आईला कार्ड पाठवते आणि त्यात तुझं नाव काढत नाही. आणि आता, मला वाटतं, तुझा घसाही त्यातच जमा होणार.

रागावू नकोस. शनिवारी रात्री फोर्ट वेनचा तुमचा कार्यक्रम रेडिओवर लागला होता. पहिलं गाणं सुरू झालं आणि सँडविचचा घास माझ्या हातातच राहिला. गाणं तेच, फ्लॉइडची गिटार तीच, पण सगळंच कुठंतरी बसकं. उठून आईच्या पियानोवर सूर लावून पाहिला. अख्खा बँड तुम्ही अर्ध्या सुरानं खाली उतरवलाय. लोकांना हे कळणार नाही. लोकांना स्वतःच्या गाडीचा आवाज बदललेला कळत नाही, पोलीस बाजूला घेतो तेव्हा कळतो. पण मी हा धंदा याच कानांवर उभा केलाय. गाडी वळणावरून दिसायच्या आधी मी सांगतो की भोक पुढच्या पाइपला आहे की मागच्या. तुझ्या आवाजाचं तर बोलूच नकोस. हजार माणसं एकदम ओरडू देत, माझ्या कानांत कापसाचे बोळे कोंब, तरी मी त्यातला तुझा गळा वेगळा काढून दाखवीन. तेव्हा मला बनवू नकोस. चार जण आपापली वाद्यं खाली उतरवतात ती गाणाऱ्या एकासाठीच. काय झालंय?

आई ठीक आहे. कानातलं यंत्र बशीत काढून ठेवते आणि मग आम्ही मुद्दाम कुजबुजतो म्हणून भांडते. शुक्रवारी तिला चर्चच्या माशांच्या जेवणाला नेलं. सगळ्या बायकांना तिनं सांगितलं की डेल पुन्हा टीव्हीवर येतोय. ती टायरची जाहिरात आहे हे मी सांगायला गेलो, तर म्हणाली, टायर काय, आवाज तर त्याचाच ना.

लोभ आहेच, तो उलट टपालानं परत येऊ दे.

तुझा,
वेंडेल


पिओरिया, इलिनॉय
२६ एप्रिल १९८७

ती. वेंडेलदादा यास डेलचा सा. न. वि. वि.

तुझे कान कुठल्यातरी कंपनीला भाड्यानं द्यायला हवेत. तुझं पत्र फ्लॉइडला दाखवलं, तर तू सीटखाली लपून बसलायस की काय म्हणून त्यानं बसमध्ये वाकून पाहिलं.

आता खरं ते. घशात गाठी आहेत, आवाजाच्या दोन्ही पडद्यांवर. क्लीव्हलंडच्या डॉक्टरनं नाकातून नळी घालून त्या मलाही दाखवल्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या आहेत रे, एवढ्याशा गोष्टीला काय घाबरायचं असं मी म्हटलं. तो म्हणाला, गाणं आजपासून बंद कर, उन्हाळाभर तोंड मिटून बस, त्या आपण होऊन जिरतील. गात राहिलास तर पानगळीपर्यंत चाकू लावावा लागेल, आणि चाकूनंतर काय उरेल हे लिहून द्यायला तो तयार नाही. गाणं तर नाहीच, बोलणंही उरेल का याची त्याला खात्री नाही.

मी गाणं सोडलं नाही. बोलणं सोडलंय. गळ्यात शाळेतल्यासारखी पाटी लटकवलीय, त्यावर मी अंडी, कॉफी, नको, गप्प बस असं लिहितो. स्टेजवर चढेपर्यंत एक शब्द नाही. म्हणून फोन नाही, पत्र.

का सोडत नाही म्हणून तू ओरडणार. दादा, किती वर्षं आम्हाला कुणी विचारलं नव्हतं ते तुला ठाऊक आहे. डेट्रॉइटच्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम संपला तरी उठेनात म्हणून ज्यांना शेवटी पोलिसांनी ढकलून बाहेर काढलं, तीच माणसं पुढे स्केटिंगच्या हॉलमध्ये आमच्यासमोर चाकाच्या बुटांवर गोल गोल फिरत होती आणि आम्ही कोपऱ्यात वाजवत होतो. एकदा तर गाड्यांच्या शोरूमचं उद्घाटन केलं. टाळ्यांपेक्षा फुगे फुटल्याचा आवाज जास्त. नवी पोरं केस फुगवून, डोळ्यांत काजळ घालून आली आणि आम्ही एका दिवसात काका झालो. मग त्या टायरवाल्यांनी जाहिरातीत भोंगा वाजवला आणि परत जत्रा, परत मैदानं. हे दार दुसऱ्यांदा उघडलंय, तिसऱ्यांदा उघडणार नाही. मी उन्हाळाभर गप्प बसलो तर फ्लॉइड दुसरा गळा आणेल. त्यानं मला तसं तोंडावर सांगितलं, स्वतःच्या बर्गरमधला अर्धा मला देत सांगितलं, त्यामुळे रागावताही आलं नाही.

तारांचा सूर खाली उतरवायचं काम हॉयट करतो, आमच्या गिटारी सांभाळणारा. टेनेसीचा आहे, पिंपाएवढा, आणि इतका लाजाळू की हॉटेलात स्वतःचं जेवण मागवायलाही दुसऱ्याला पुढे करतो. गिटारी लावता लावता चर्चमधली गाणी म्हणतो, तीही इतक्या उंच सुरात की फ्लॉइड त्याला मावशी म्हणतो. परवा त्यानं माझ्यासाठी मध घालून चहा केला आणि पाटीवर माझ्या आधी स्वतःच लिहिलं, थँक्यू नको.

आईला गाठींचं सांगू नकोस. सर्दी सांग.

शब्द कमी पडले तरी लोभ कमी नाही, हे ओळखून असावे.

तुझा,
डेल


सॅगिनॉ
१७ मे १९८७

चि. डेल यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू रविवारी आईला फोन केलास आणि रिसीव्हरवर टिचकी मारलीस ते कळलं. एक टिचकी म्हणजे बरा आहे, दोन म्हणजे जेवलो, हे तिनं आपणच ठरवून टाकलंय. तिला टिचकी ऐकू येत नाही, म्हणून मी शेजारी उभा राहून बोटं दाखवतो आणि ती फोनमध्ये ओरडते. तिनं विचारलं की लग्नाचं काय, आणि तू टिचकी मारलीच नाहीस. त्यावर ती म्हणाली, बघ, अजून तसाच आहे लबाड.

मी तुझ्या पाठीमागे एक गोष्ट केली, ती आधी सांगतो. फ्लॉइडला फोन केला. गोडीत घेतलं. म्हटलं, डेलला एवढा उन्हाळा घरी पाठव, पानगळीत ताजा करून परत देतो. तो म्हणाला, वेंडेल, तुझ्याकडे गाडी येते तेव्हा तू गिऱ्हाइकाला सांगतोस का की सहा महिने गाडी बंद ठेव? मी म्हटलं, पाइप फुटला असेल तर सांगतो. तो म्हणाला, आणि गिऱ्हाईक ऐकतं का? दादागिरी नाही, आवाज चढवणं नाही.  गिऱ्हाईक कधीच ऐकत नाही हे त्याला कसं कळलं कोण जाणे.

इथलं सांगतो. फाउंड्रीनं दुसरी पाळीही बंद केली. गेट नाइनला साखळी लावली. आणि डेल, भोंगा बंद झाला. खरा, छपरावरचा. पहिल्या दिवशी आई पहाटे उठून बसली, तिला तो ऐकू येत नव्हताच, पण खिडकीची काच थरथरायची ती थरथरली नाही. म्हणाली, आज काचेला काय झालं? जन्मभर ज्याला शिव्या घातल्या त्याच्यासाठी आता माणसं माझ्या गॅरेजात येऊन हळहळतात. आणि सगळे सप्टेंबरच्या जत्रेचं विचारतात. तुमचा बँड येणार हे छापून आलंय ना. म्हणतात, डेल पहिल्यासारखे सगळे दिवे घालवणार का, भट्टीचं दार उघडल्यासारखा तो एकच लाल उजेड ठेवून मान मागे टाकून भोंगा देणार का? बिचारे घरून जेवणाचे डबे घेऊन येणार आहेत, भोंगा झाला की झाकणं वाजवायला. डब्यांत घालायला आता काही राहिलं नाही, निदान वाजवू तरी, असं जुना फोरमन ओट्टो म्हणाला आणि स्वतःच हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

म्हणजे गावाला तो भोंगा हवाय, फ्लॉइडला हवाय, तुला हवाय. नको म्हणणारा मी एकटा. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत कुठलाही पाइप मला दे, दुपारपर्यंत नीट करून देतो. तुझ्या मानेतला तेवढा मला लिफ्टवर चढवता येत नाही. रात्री पडल्यावर हेच डोक्यात येतं. घरी ये. फार काही नाही, नुसता ये आणि गप्प बस.

पत्र आलं नाही तर मी रेडिओवर नजर ठेवून आहेच. लोभ असू दे, हट्ट कमी होऊ दे.

तुझा,
वेंडेल


ओमाहा, नेब्रास्का
१९ जुलै १९८७

ती. वेंडेलदादा यास सा. न. वि. वि.

तीन पत्रं आली, उत्तर एकच देतोय, माफ कर. रेडिओवर तू ऐकलंस ते बरोबर, आता आम्ही पूर्ण एक सूर खाली आहोत. गिल म्हणतो, असंच चाललं तर नाताळपर्यंत आपण जमिनीखालून वाजवू.

डेस मॉइन्सला भोंगा फाटला. हे तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगतो. दिवे गेले, लाल उजेड आला, मी मान मागे टाकली, श्वास भरला आणि आतून काहीच आलं नाही. शिट्टीतून वारा जावा तसा वारा गेला. लोक ओरडले असते तर बरं झालं असतं.  पहिल्या रांगेतल्या एका माणसानं डोक्यावरची टोपी काढली, कुणी गेल्यावर काढतात तशी. मी ती टोपी अजून विसरलेलो नाही.

 मग बसमध्ये फ्लॉइड म्हणाला की भोंगा गाण्यातून काढून टाकू. गिल म्हणाला, मग आपण आलोय कशाला, टायर विकायला? दोघांचं चांगलंच जुंपलं.  हॉयट तेवढा मागच्या सीटवर तारा पुसत बसला होता.

पण आता काळजी नको. इथे ओमाहाला दोन रात्री वाजवलं आणि दोन्ही रात्री भोंगा नीट वाजला. आता जत्रेपर्यंत नीटच वाजेल. डॉक्टरकडेही जाऊन आलो. एक गाठ वाढलीय, त्यानं ऑक्टोबरची तारीख धरून ठेवलीय. जायचं की नाही ते मी जत्रेनंतर ठरवीन.

एक विनंती. जत्रेत आईला पुढे बसवू नकोस. पुढे धूर फार असतो, तिला खोकला होईल. मागे, खाण्याच्या गाड्यांपाशी बसव. तिथूनही सगळं दिसतं.

लोभ आहेच, तो दुरूनही पुरतो.

तुझा,
डेल


सॅगिनॉ
२१ सप्टेंबर १९८७

चि. डेल यास अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाईत लिहितोय, अक्षर समजून घे. तू काल गाणं संपल्यावर आलास, मला आणि आईला घट्ट मिठी मारलीस आणि पाटीही न उचलता बसमध्ये जाऊन बसलास. मला जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं, म्हणून हे पत्र सकाळी दुकान उघडायच्या आधी लिहितोय.

डेल, डॉक्टर गाढव आहे. मी ऐकलं. या कानांनी ऐकलं. सुरुवातीची गाणी तू सांभाळून गायलास, ते मला कळलं, फ्लॉइड आणि गिल तुझ्या ओळी वाटून घेत होते तेही कळलं.  ओट्टो शेजारी डबा मांडीवर घेऊन बसला होता, सारखा विचारत होता, देईल ना, देईल ना. मग दिवे गेले. भट्टीचा लाल उजेड आला. तू मान झटकून मागे टाकलीस, केस तोंडावर आले, आणि तो निघाला. अरे, तसाच! खालून भरत जाणारा, वर जाऊन किंचित थरथरणारा, शेवटी दार बंद केल्यासारखा एकदम तुटणारा. अख्ख्या मैदानानं झाकणं वाजवली. ओट्टोनं डबा इतका बडवला की बिजागरी तुटली. माणसं रडत होती डेल, फाउंड्रीत बोट तुटलं तेव्हा न रडलेली माणसं. मीही रडलो. मी मनात म्हटलं, हजारांतून ओळखीन म्हणालो होतो, इथे तर हजार माणसं आहेत, आणि बघा, ओळखला.

आईला मागे बसवायचं तू लिहिलं होतंस, पण ती कुठली ऐकते. काठी आपटत पहिल्या रांगेत जाऊन बसली. गोंगाट नको म्हणून कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं आणि नुसती तुझ्याकडे बघत राहिली. घरी येताना गाडीत म्हणाली की पोरानं त्या शेवटच्या आरोळीला श्वासच घेतला नाही, छाती हललीसुद्धा नाही, त्याला जेवायला घालत नाहीत की काय. मी म्हटलं, आई, बघायचं काम तुझं, ऐकायचं माझ्याकडे राहू दे. ती म्हणाली, बरं बाबा.

आता मुद्द्याचं. एवढे महिने मी तुला गाणं सोड म्हणून पिडलं. तो शब्द मागे घेतो. ज्या गळ्यातून कालचा भोंगा निघाला त्याला चाकू लावू देऊ नकोस. त्या डॉक्टरला फोन करून तारीख रद्द कर. तुला बोलायचं नसेल तर मी करतो. बस निघताना मी फ्लॉइडला गाठून तुझ्या वतीनं सांगूनही टाकलं, की हिवाळ्याच्या दौऱ्याला डेल येतोय, त्याचा भाऊ हमी देतो. तो नुसता बुटांकडे बघत राहिला. बहुतेक ओशाळला असावा. हॉयटला भेटायचं होतं, मधाच्या चहाबद्दल दोन शब्द बोलायचे होते. पण भोंग्याच्या वेळी मी मान उंचावून पाहिलं तर तो गिटारींच्या टेबलापाशी नव्हता, आणि नंतर माणसं पांगेपर्यंत दिसलाच नाही.

सकाळपासून दुकानाच्या वाटेवर तीन जणांनी थांबवून हात हातात घेतला. जणू भोंगा मीच दिला.

लोभ तर आहेच, आज त्याची छाती फुगली आहे.

तुझा,
वेंडेल


क्लीव्हलंड, ओहायो
४ ऑक्टोबर १९८७

ती. वेंडेलदादा यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र परत परत वाचलं. मग हॉयटला वाचायला दिलं. ओट्टोच्या डब्याच्या बिजागरीपाशी तो थांबला आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस रडतो तेव्हा बस हलते. मग पत्राची नीट घडी घालून त्यानं ते मला परत दिलं आणि म्हणाला, की तुझ्या भावाला काही सांगू नकोस. मीही आधी तेच ठरवलं होतं. तू माझी तारीख रद्द करायला निघाला नसतास तर कदाचित तसंच केलं असतं.

तारीख रद्द करू नकोस. मी काल इथे येऊन भरती झालोय. शुक्रवारी सकाळी चाकू. डॉक्टर गाढव नाही दादा, चांगला माणूस आहे. त्याच्या मुलाकडे आमची रेकॉर्ड आहे, ती सही करायला घेऊन आला होता. आवाजाचं तो अजूनही काही लिहून देत नाही. तू मे महिन्यात घरी गेला असतास तर, एवढंच तो म्हणतो आणि वाक्य अर्धं सोडतो.

फ्लॉइडवर रागावू नकोस. हिवाळ्याच्या दौऱ्यासाठी त्यानं माणूस आधीच घेतला होता, मला विचारून घेतला होता. म्हणून तू हमी दिलीस तेव्हा तो बुटांकडे बघत राहिला. नव्या माणसाला सगळं मीच शिकवलं. कुठे भरायचं, कुठे थरथरू द्यायचं, कुठे तोडायचं. त्याच्या पोटावर हात ठेवून शिकवलं, पाटीवर लिहून ते समजत नाही. लवकर शिकला. पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, की हे चोरी केल्यासारखं वाटतं. मी पाटीवर लिहिलं, मग नीट कर.

दहा दिवसांनी बसनं येईन. स्टेशनवर न्यायला ये आणि गाडीत काही विचारू नकोस. मला माझी जुनी खोली नको, तिथून गेट नाइन दिसतं. गॅरेजाच्या वरची चालेल. सायलेन्सर बसवायला शिकव. ऐकायचं काम तूच कर, मी पाइप धरीन.

आवाज येवो न येवो, लोभ तोच राहील, हे कृपया समजून घ्यावे.

तुझा,
डेल

ता. क. आईला सांग, तिनं बरोबर पाहिलं. मी श्वास घेतला नव्हता. नुसतं तोंड उघडलं होतं. ओमाहापासून भोंगा पडद्यामागून देतो तो हाच नवा माणूस, हॉयट.